कलेक्टर कचेरीतला लाकडी बोर्ड आणि १९४७ ची न सापडलेली रेघ

कोरा_कागद

वारस नोंदीच्या अपिलासाठी मागच्या महिन्यात अपर जिल्हाधिकाऱ्यांकडे तारीख होती. तारीख तिसरी, आधीच्या दोन 'साहेब मिटिंगला गेलेत' मध्ये गेल्या. बाहेर बाकावर दोन तास बसलो. समोर भिंतीवर भलामोठा सागवानी बोर्ड, आजवरच्या सगळ्या कलेक्टरांची नावं. वरची सगळी गोऱ्या साहेबांची, मग मधेच एखादं देशी नाव, परत चारदोन साहेब, आणि मग खाली सगळी आपलीच. वेळ जाईना म्हणून १९४७ शोधायला लागलो. वाटलेलं तिथे एखादी रेघ तरी असेल, निदान रंग तरी बदलला असेल. कसलं काय. एक साहेब गेले, पुढच्या ओळीत दुसरे आले. पेंटरने अक्षराचं वळणसुद्धा बदललेलं नाही.

तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. इंग्रज गेले, संस्थानं गेली, घटना आली, पण ज्या खात्यांनी बेचाळीसला लोकांना धरून आत टाकलं तीच खाती पाच वर्षांनी झेंडावंदनाला रांगेत उभी. हा नाईलाज होता, आळस होता की कुणाची सोय होती? आणि आजही कचेरीच्या दारात गेलं की माझा आवाज आपोआप खाली येतो तो त्यामुळेच का? जाणकारांनी लिहा. नुसत्या शिव्या घालायच्या असतील तर वेगळा धागा काढा.

पावसाळी_बेडूक

रुमाल टाकून ठेवतो. जाणकार येईपर्यंत एक शंका, अपिलाचं काय झालं?

कोरा_कागद

पुढची तारीख.

नाणेघाट

नाईलाज. शंभर टक्के नाईलाज. ४६-४७ चं चित्र डोळ्यासमोर आणा ना. फाळणी, लाखो निर्वासित, धान्याची टंचाई, पाचशेच्या वर संस्थानं जोडून घ्यायची, आणि हे करणार कोण तर आयसीएसमधले (इंग्रजांच्या इंडियन सिव्हिल सर्व्हिसमधले) उरलेले लोक, कारण इंग्रज अधिकारी बहुतेक सगळे घरी निघालेले आणि मुसलमान अधिकाऱ्यांपैकी बरेचजण पाकिस्तानात. अख्ख्या देशात आयसीएस होतेच किती, सगळे मिळून हजाराच्या आसपास, त्यातले असे गळाले की काय उरतं बघा.

सरदारांना हे कळत होतं. ऑक्टोबर १९४६ मध्येच प्रांतांच्या पंतप्रधानांची (तेव्हा मुख्यमंत्र्याला तेच म्हणत) बैठक घेऊन आयएएस आणि आयपीएस काढायचं ठरवून टाकलं. २१ एप्रिल १९४७ ला दिल्लीत मेटकाफ हाऊसला पहिल्या तुकडीसमोर भाषण केलं, म्हणून २१ एप्रिल हा नागरी सेवा दिन. आणि १० ऑक्टोबर १९४९ ला घटना समितीत लोक आयसीएसच्या पगाराच्या हमीवर तुटून पडले तेव्हा पटेलांनी त्यांना झापलंय, की ज्या हत्यारांनी काम करायचं त्यांच्याशीच भांडत बसू नका, अशा अर्थाचं. मग ती हमी कलम ३१४ मध्ये गेली. ती काढली थेट १९७२ मध्ये, २८ व्या घटनादुरुस्तीने. म्हणजे बावीसेक वर्षं पाळली.

गंमत अशी की नेहरूंनी स्वातंत्र्याच्या बऱ्याच आधी लिहून ठेवलेलं, आयसीएसची वृत्ती राज्यकारभारात आहे तोवर नवी व्यवस्था उभी राहणार नाही. खुर्चीत बसल्यावर त्याच आयसीएसवाल्यांना घेऊन काम करावं लागलं.

तिसरा_अटेम्प्ट

हे सगळं मला पाठ आहे, पण प्रिलिममध्ये येत नाही हा माझा प्रॉब्लेम आहे.

बाकी ज्यांना वाटतं स्पर्धा परीक्षा म्हणजे शुद्ध गुणवत्ता, त्यांनी जुना इतिहास बघा. १८५५ ला लंडनमध्ये पहिली खुली परीक्षा झाली. त्याआधी कंपनीच्या डायरेक्टरची चिठ्ठी लागायची, म्हणजे वशिला हाच अभ्यासक्रम. मग परीक्षा 'खुली' केली, पण घ्यायची लंडनला, आणि ग्रीक-लॅटिनला भरघोस मार्क. जहाजाचं भाडं, समुद्र ओलांडला म्हणून घरच्यांचा बहिष्कार, आणि वर वयोमर्यादा. सुरुवातीला २३, मग २२, मग २१, आणि १८७८ पासून १९!! एकोणीस!!! आमच्याकडे एकोणीसचं पोरगं कुठली ब्रँच घेऊ ते विचारत फिरतं.

एकाच वेळी भारतातही परीक्षा घ्या ही मागणी दादाभाईंच्या काळापासूनची, मान्य व्हायला १९२२ उजाडलं, अलाहाबादला केंद्र मिळालं. म्हणजे फॉर्म भरल्यापासून साधारण साठ वर्षांनी हॉल तिकीट. आणि आम्ही आयोगाला उशीर झाला म्हणून रडतो.

पावसाळी_बेडूक

साठ वर्षांनी हॉल तिकीट =)) =))

नाणेघाट

@तिसरा_अटेम्प्ट, तरी सत्येंद्रनाथ टागोर १८६३ ला पास झालेच. रवींद्रनाथांचे थोरले भाऊ. आणि सगळी नोकरी आपल्या मुंबई इलाख्यात, १८९७ ला साताऱ्याहून जज्ज म्हणून रिटायर. इकडे राहून मराठी शिकले, तुकोबांचे अभंग बंगालीत नेले.

मोडीवाली

धागा आवडला, पण सगळे वर बघताय असं वाटतंय. मूळ लेखात विचारलंय कचेरीत गेल्यावर आवाज का खाली येतो. कलेक्टरला आयुष्यात किती वेळा भेटतो आपण? माझ्या आजीने एकदाही कलेक्टर बघितला नाही. तिच्यासाठी सरकार म्हणजे गावातला एक माणूस होता, आणि तो माणूस १९४७ ला बदलला नाही, १९५१ ला बदलला.

मी मोडी वाचते, त्या निमित्ताने जुनी गावदप्तरं बरीच हाताखालून गेली आहेत. १८१८ ला पेशवाई बुडाली तेव्हा एल्फिन्स्टनने दख्खनला चार कलेक्टर नेमले, पुण्याला रॉबर्टसन, नगरला पॉटिंजर, खानदेशात ब्रिग्ज, धारवाडला चॅपलिन. पण त्यांच्या खाली मामलेदार तेच, कारकून तेच, आणि गावात पाटील-कुलकर्णी तर अजिबात हलवले नाहीत. उगाच नाही हलवले, जमिनीचा हिशोब त्यांच्याच डोक्यात आणि दप्तरात होता. पुढे १८३० च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूरपासून मोजणी सुरू केली, दर शेतावर आकार (सारा) बसवला, तीस वर्षांचा करार केला. म्हणजे जमीन सरकारच्या कागदावर आली, पण कागद राहिला कुलकर्ण्याच्या घरात. रुमालात बांधून, फडताळात. दाखला पाहिजे? मग त्यांच्या ओसरीवर जाऊन बसा. ते जेवत असतील तर थांबा. तुमची जात अमुक असेल तर ओसरीवर पण नाही, अंगणात.

आणि हे पद वतनी. बापाचं मुलाला. ना परीक्षा, ना बदली, ना निवृत्ती.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१८ ला कुलकर्णी वतन मोडलं आणि पगारी तलाठी नेमले, त्यावर केवढा गदारोळ झाला. बाकी मुंबई राज्यात कायदा झाला १९५० ला, अंमल १ मे १९५१ पासून. मुलकी पाटलाचं वतन गेलं १ जानेवारी १९६३ ला. तेव्हा कुठे गावचा हिशोब वतनदाराच्या घरातून निघून पगारी, बदली होणाऱ्या, दुसऱ्या गावच्या माणसाकडे गेला. मी बघितलेल्या काही फेरफार वह्यांमध्ये हा बदल सरळ डोळ्यांना दिसतो, एका पानावर पिढीजात सराईत मोडी, आणि पुढच्या पानावर कुणा नवख्या मुलाचं जपून काढलेलं बाळबोध अक्षर.

तुम्ही शोधताय ती रेघ बोर्डावर नाही, त्या वहीत आहे.

कोरा_कागद

प्रतिसाद दोनदा वाचला. वाचनखूण साठवली.

दगडी_पाटी

मोडीवालींना अनुमोदन. यात एक भर. जोतीराव फुले १८८० च्या आसपास हेच ओरडून सांगत होते, की गोरा साहेब वर बसतो पण खरं राज्य करतो त्याच्या हाताखालचा भटकामगार (ब्राह्मण नोकरवर्ग), आणि शेतकऱ्याचं म्हणणं वर पोचतच नाही. तेव्हा राष्ट्रीय पुढाऱ्यांची मागणी होती आयसीएसमध्ये भारतीय घ्या. फुल्यांचा सवाल होता, कुठले भारतीय? २६ जुलै १९०२ चा शाहू महाराजांचा ५० टक्के जागांचा जाहीरनामा त्याच प्रश्नाचं उत्तर होता. त्यामुळे ४७ नंतर इंग्रजांचा सांगाडा तसाच राहिला हे म्हणणं अर्धंच झालं. इंग्रजांनी आपला सांगाडा आपल्याच जुन्या सांगाड्यावर ठेवला होता.

खडूस_आजोबा

आता जात आलीच का धाग्यात. माझे आजोबा वतनदार कुलकर्णी होते, त्यांचं दप्तर कुणीही येऊन बघावं, एक आणा इकडचा तिकडे नाही. दुष्काळात स्वतःच्या पेवातलं धान्य वाटलंय त्यांनी. मी स्वतः महसुलात ३४ वर्षं काढून नायब तहसीलदार म्हणून रिटायर झालो. तलाठी आले म्हणून काय दिवे लागले ते आम्हाला विचारा. कुलकर्ण्याला गावात तोंड दाखवायचं असायचं, तलाठ्याला तीन वर्षांनी निघून जायचं असतं. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला एका सज्ज्यात सात गावं आणि मी एकटा, सायकलवर. लोक शोधत यायचे आणि मी भलत्याच गावात.

दगडी_पाटी

आजोबा, तुमच्या आजोबांबद्दल काहीच म्हणणं नाही, ते असतीलच तसे. पण चांगल्या माणसावर अवलंबून राहावं लागणं हीच तर अडचण होती ना? नसता चांगला तर गावाने काय केलं असतं? तलाठ्याची निदान वर तक्रार करता येते.

खडूस_आजोबा

करून बघा एकदा तक्रार, मग बोलू.

पावसाळी_बेडूक

हा राउंड आजोबांचा.

तिसरा_अटेम्प्ट

अवांतर: तलाठी आता तलाठी नाही राहिला, २०२४ पासून 'ग्राम महसूल अधिकारी' आहे. सज्जा तोच.

लिंबू_मिरची

तक्रारीवरून आठवलं, भ्रष्टाचार ही स्वातंत्र्यानंतरची देणगी आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी क्रॉफर्ड प्रकरण वाचावं. तोच तो, मार्केटवाला क्रॉफर्ड. मुंबईचा पहिला म्युनिसिपल कमिशनर, पुढे मध्य विभागाचा कमिशनर झाला, पुण्यात थाटात राहायचा, कर्जात बुडालेला. १८८८ ला प्रकरण बाहेर आलं, की बदल्या आणि बढत्यांसाठी मामलेदारांकडून हस्तकामार्फत पैसे घेतले जातात. सरकारने मामलेदारांना सांगितलं खरं बोला, तुम्हाला अभय. ते बोलले. आणि क्रॉफर्ड? चौकशी आयोगाने लाचेच्या आरोपातून सोडला, आपल्याच विभागात उसनवारी केली एवढं धरलं, आणि नोकरी गेली. पण मग ओरड झाली की लाच दिल्याची कबुली देणारे मामलेदार खुर्चीत कसे, आणि त्यातल्या काहींनाच काढलं. तेव्हा टिळक मामलेदारांच्या बाजूने उभे राहिले, की शब्द दिला होता तो पाळा.

बदलीचा दर ही आपली फार जुनी परंपरा आहे, एवढंच सांगायचं होतं.

सुई_दोरा

आतापर्यंतच्या सगळ्या प्रतिसादांत एक बाई आली नाही, मोडीवालींची आजी सोडली तर. म्हणून लिहिते.

१९४७ ची रेघ बायकांना विचारा. आयसीएसमध्ये बाई नव्हतीच. स्वातंत्र्यानंतर दार उघडलं पण कसं, तर १९४९ ला सी. बी. मुथम्मा परराष्ट्र सेवेत आल्या, आणि त्या सेवेचा नियम होता की लग्न करायचं तर सरकारची परवानगी, आणि लग्नानंतर कामावर लक्ष नाही असं सरकारला वाटलं तर राजीनामा द्या. पुरुषांना असलं काही नाही. अण्णा राजम १९५१ च्या बॅचच्या, पहिल्या महिला आयएएस, त्यांना मुलाखतीत दुसऱ्याच सेवा सुचवत होते, बाईला जमेल अशा. त्याच बाईंनी पुढे न्हावाशेवा बंदराचं काम बघितलं. मुथम्मांची बढती अडवली तेव्हा त्या सुप्रीम कोर्टात गेल्या, १९७९ चा निकाल आहे, न्या. कृष्णा अय्यर यांचा. तोवर सरकारने घाईघाईने बढती देऊन टाकली आणि तो नियमही काढायला घेतला, म्हणून याचिका तशी निकाली निघाली, पण कोर्टाने सुनवायचं ते सुनवलंच.

म्हणजे हा नियम इंग्रजाने आपल्यावर लादला अशी सबब नाही. हा आपण स्वतः लिहिलेला.

मोडीवाली

सुई_दोरा, टाळ्या.

वळणाचा_रस्ता

सगळं तेच राहिलं हे पटत नाही. महाराष्ट्रात एक मोठा बदल झाला त्याचं कुणी नाव काढलं नाही. १९६१ चा जिल्हा परिषद कायदा, १ मे १९६२ पासून लागू. वसंतराव नाईक समितीने केंद्राने पंचायत राजसाठी नेमलेल्या बलवंतराय मेहता समितीच्या पुढे जाऊन कलेक्टरला जिल्हा परिषदेच्या बाहेरच ठेवलं. शाळा, दवाखाने, शेती, पशुसंवर्धन, गावचे रस्ते सगळं निवडून आलेल्यांकडे, आणि त्यांच्या हाताखाली सीईओ, तोही आयएएस. जिल्ह्याचा एकमेव राजा ही कलेक्टरची गादी त्या दिवशी निम्मी झाली. माझे वडील शिक्षक होते, ते सांगायचे की सभापती शाळेत येऊन बसला की गावातला कुणीही त्याला अरेतुरे करून पंख्याचं काय झालं विचारायचा. कलेक्टरला विचारलं असतं का?

खडूस_आजोबा

हे बरोबर आहे. आणि मग शिक्षकांच्या बदल्या सभापतींच्या घरून निघायला लागल्या ते पण सांगा की. क्रॉफर्डसाहेबांचा आत्मा शांत झाला असेल.

(पण बहात्तरच्या दुष्काळात माझ्या वरिष्ठांना मी बघितलंय, तेव्हा मी नवीन तलाठी. खडी फोडायच्या कामांवर हजेरीपट घेऊन रात्री उशिरापर्यंत फिरायचे, घरी जायचे नाहीत. ती साहेबी नव्हती. ते पण लिहून ठेवा कुठेतरी.)

नाणेघाट

मोडून बघणारेही होते हो. लंकेने १९६३ ला सिलोन सिव्हिल सर्व्हिस बंद करून नवी प्रशासकीय सेवा काढली. पाकिस्तानात भुट्टोंनी १९७३ ला सीएसपी (सिव्हिल सर्व्हिस ऑफ पाकिस्तान, तिथली आयसीएसची वारस) मोडली, बाहेरून थेट भरती केली. तिथली साहेबी गेली म्हणता? गेलं ते अधिकाऱ्याचं संरक्षण. आपल्याकडे कलम ३११ आहे, चौकशीशिवाय काढता येत नाही, लोक त्याला नावं ठेवतात, पण त्याच्याच जिवावर एखादा मंत्र्याला नाही म्हणू शकतो.

लिंबू_मिरची

नाही म्हणू शकतो आणि संध्याकाळी बदलीची ऑर्डर घेऊ शकतो.

नाणेघाट

त्यासाठीच २००५ चा राज्याचा बदल्यांचा कायदा आहे. तीन वर्षं एका जागी, आणि त्याच कायद्यात फाईल सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त कुणाकडे पडून राहता कामा नये असंही आहे.

कोरा_कागद

सात दिवस?? सात??

पावसाळी_बेडूक

कुणीतरी पाणी द्या धागाकर्त्याला.

तिसरा_अटेम्प्ट

मला भाषेबद्दल लिहायचंय. कोठारी समितीनंतर १९७९ पासून नवा पॅटर्न आला, मुख्य परीक्षा आपल्या भाषेत लिहायची सोय झाली. माझ्या मते खरी रेघ ही. कारण त्याआधी इंग्रजी शाळा-कॉलेजवाल्यांचंच राज्य, ग्रीक-लॅटिन गेलं तरी चव तीच. मग हळूहळू आमच्यासारखी झेडपीच्या शाळेतली पोरं दिसायला लागली. २०११ ला सीसॅट (पूर्वपरीक्षेतला कलचाचणीचा पेपर) आलं तेव्हा परत दार अरुंद झालं, २०१४ ला दिल्लीत पोरं रस्त्यावर उतरली, मग २०१५ पासून तो पेपर फक्त ३३ टक्क्यांचा पात्रता पेपर केला. राज्यसेवेत तर उलटंच, २०२३ ला आम्हीच वर्णनात्मक पॅटर्न पुढे ढकला म्हणून पुण्यात रस्त्यावर बसलो होतो, २०२५ पर्यंत ढकलला.

पण खरं सांगू का, अभ्यास करताना जो मुलगा 'सिस्टीम बदलायची' म्हणतो त्याच्याच खोलीत भिंतीवर लाल दिव्याच्या गाडीचा फोटो असतो. माझ्याही होता. दिवा बंद झाला २०१७ ला, फोटो गेल्या वर्षी काढला.

दगडी_पाटी

हा प्रतिसाद प्रामाणिक वाटला. पास झालास की इथे येऊन सांग.

सुई_दोरा

@कोरा_कागद, पुढची तारीख कधी होती? बोर्डाचा फोटो काढता आला तर टाका, कुठल्या ओळीत कोण ते बघता येईल.

कोरा_कागद

काल होती. फोटो काढायला गेलो तर शिपाई म्हणाला परवानगी घ्या. परवानगी कुणाची, तर साहेबांची. साहेब मिटिंगला. म्हणून अव्वल कारकुनांशी गप्पा मारत बसलो, रिटायरमेंटला आलेले, फार बोलके गृहस्थ. मी त्यांना विचारलं की या बोर्डावर ४७ ला काहीच फरक कसा नाही. ते हसायला लागले. म्हणाले, अहो हा बोर्ड त्यावेळचा नाहीच, जुना वाळवीने खाल्ला, मी नोकरीला लागल्यावर हा नवा केला, एकाच पेंटरने चार दिवसांत वरपासून खालपर्यंत सगळी नावं काढली. म्हणून अक्षर एक.

मी एवढा मोठा धागा काढला आणि निघालं काय तर पेंटर एक होता. पण घरी येताना वेगळंच डोक्यात आलं. म्हणजे स्वातंत्र्य मिळून चाळीसेक वर्षं झाल्यावर कुणीतरी जुन्या कागदांतून एकेक गोरा साहेब शोधून, तारखा जुळवून, नावं परत सागवानावर काढून घेतली. इंग्रजांनी नाही, आपण. मी अव्वल कारकुनांना विचारलं, जुनी नावं गाळायची असं कुणी म्हणालं नाही का? ते म्हणाले, कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही, उलट एका साहेबाची तारीख सापडेना म्हणून आठ दिवस दप्तर उपसत होतो आम्ही.

मोडीवाली

ते जुनं दप्तर अजून आहे का, विचारलंत का?

कोरा_कागद

विचारलं. आहे म्हणाले. किल्ली ज्यांच्याकडे आहे ते रजेवर आहेत.

पावसाळी_बेडूक

आणि अपील?

कोरा_कागद

निकाल लागला एकदाचा. फेरचौकशीसाठी परत तहसीलदारांकडे.